शेवटच्या पायरीवरची मुतवल्ली

जैतून चाचींना कुणी "तुमची विहीर" म्हटलं की त्या मान वळवून मागं बघत. जणू बोलणारा त्यांच्या पाठीमागं उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाशी बोलतोय. मग पुन्हा तोंड फिरवून शांतपणे विचारत, "कुणाची म्हनालासा?" बोलणारा गडबडून जायचा. ती चूक दुसऱ्यांदा कुणी करत नसे. मीही एकदाच केली.

मी मूळचा आष्ट्याचा. उसाच्या पाटात पाय सोडून वाढलेला. पाणी ही राखायची चीज असते, हे मला नोकरी लागेपर्यंत नीटसं ठाऊकच नव्हतं. जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी नेमणूक माण तालुक्यात, दहिवडीपासून आत एका गावी झाली. पहिल्याच उन्हाळ्यात मेंढरांना लस टोचायला माळावर गेलो होतो. दुपारपर्यंत जवळची बाटली संपली. गावाबाहेर पायऱ्यांची जुनी दगडी विहीर दिसली, तशी मी बाटली घेऊन पायऱ्यांकडं वळलो.

"डॉक्टर! आदी मेंढरं."

चिंचेखालून आवाज आला. घोगरा, पण चढा नाही. उंच, सडसडीत बाई. डोक्यावर घट्ट पदर, पायात पुरुषी चपला. दगडी डोणीला एक कळप लागला होता आणि बाई डोणीच्या कडेला हात टेकून उभ्या होत्या.

"मला घोटभरच पाहिजे होतं," मी म्हणालो.

"घोटभरच मिळंल. पर मेंढरं झाल्यावर."

मी उभा राहिलो. शेवटचं कोकरू तोंड पुसल्यासारखं करून बाजूला झालं, तेव्हा त्यांनी स्वतः बादली शेंदली आणि माझ्या बाटलीत पाणी ओतलं. मी खुशीत म्हणालो, "चाची, तुमच्या विहिरीचं पाणी गोड आहे हो." आणि त्यांनी मागं वळून बघितलं.

विहीर वक्फची होती. पुष्कळ पिढ्यांमागं घोड्यांचा व्यापार करणाऱ्या कुणा मुसलमान व्यापाऱ्यानं ती बांधली आणि देवाच्या नावानं कायमची सोडून दिली. देवाच्या नावानं सोडलेली मालमत्ता विकता येत नाही, वाटून घेता येत नाही; तिचा मालक कुणी माणूस उरत नाही. उरतो तो फक्त सांभाळणारा. त्याला मुतवल्ली म्हणतात. व्यापाऱ्यानं पाण्याचा क्रमही घालून दिला होता आणि तो गावात बारक्या पोरालासुद्धा तोंडपाठ होता. आधी मुकी जनावरं, मग वाटसरू, मग गाव, आणि सगळ्यांच्या शेवटी मुतवल्लीचं घर. वाटसरूला जात-धर्म विचारायचा नाही, हेही त्यातच होतं.

मला त्यांनी वाटसरूत धरलं होतं. "तुमी बदलीवर आल्याला मानूस. आज हाय, उद्या न्हाई." पुढं काही वर्षांनी एके दिवशी मला पाणी न देताच त्या म्हणाल्या, "आता तुमाला गावात धरलंय. रांगेत मागं व्हा." त्या दिवशी मी घरी बायकोला हे इतक्या अभिमानानं सांगितलं, की तिला वाटलं मला बढती मिळाली.

चाची मुतवल्ली झाल्या त्याची गोष्ट मला गावातल्या शब्बीर टेलरनं सांगितली. चाचींचे वडील आधी मुतवल्ली होते. ते गेले तेव्हा धाकटा भाऊ इसाक मुंबईत गॅरेज चालवत होता, आणि चाची नवरा वारल्यावर माहेरी येऊन राहिल्या होत्या. व्यापाऱ्याच्या कागदात वारस म्हणून मुलगा म्हटलेलं नव्हतं; घरातलं जे लायक असेल ते, असं होतं. गावानं चाचींचं नाव घेतलं. एकट्या शब्बीरनं उठून विरोध केला. बाईमाणसाचं हे काम नव्हे, उद्या कुणी दमदाटी केली तर काय करणार, असं त्याचं म्हणणं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! म्हनली, भाई, तुमचं बरोबर बी आसंल. मग आसं करा, मी कुटं चुकतीया त्याच्यावर तुमीच नजर ठेवा. आन् डॉक्टर, तवापास्नं मी ठेवलीया."

खरोखरच ठेवली होती. शिलाई मशीन थांबवून शब्बीर दिवसातून एकदा विहिरीवर चक्कर मारायचा. डोण घासली नाही, दोर झिजलाय, चिंचेखाली कुणी ट्रॅक्टर लावला, असं काहीबाही काढून चाचींना विचारायचा. चाची प्रत्येक वेळी हातातलं काम ठेवून उत्तर द्यायच्या. मला तो माणूस किरकिऱ्या वाटायचा. मी तसं एकदा बोललो, तर चाचींनी कानामागं पदर खोचला. काही ठाम सांगायचं असलं की त्यांची ती सवय होती.

"आवं डॉक्टर, ह्यो एकटा मला रोज इचारतो. बाकीचे नुसतं चाची लय चांगली म्हनत्यात. चांगली म्हनल्यावर मानूस इचारायचं थांबतंय. आन् इचारायचं थांबलं की बिघडतंय."

दर उन्हाळ्यात पाणी सगळ्यांत खाली गेलं की चाची गावाला विहिरीवर बोलवायच्या. ही रीत त्यांच्या वडिलांची. गाव वर काठावर उभं राहायचं आणि मुतवल्ली एकटी पायऱ्या उतरून पाण्याला लागून असलेल्या शेवटच्या पायरीवर उभी राहायची. मग वरून कुणीही काहीही विचारायचं. हिंदू, मुसलमान, धनगर, बाई, पोर, कुणीही. खालून उत्तर आलं पाहिजे. ह्याला गावात "जाब" म्हणत. मी पहिल्यांदा जाबाला गेलो तेव्हा मला गंमत वाटली होती. कुणी चिंचा कुणाला विकल्या ते विचारलं, कुणी एक फांदी का तोडली ते. एका म्हातारीनं तर "माजी घागर गेल्या साली हितंच हारपली," म्हणून जाब मागितला. चाची हसल्या नाहीत. "घागर मला गावली न्हाई मावशी. मी अजून बघतीया," असं त्यांनी खालून सांगितलं. विहिरीत आवाज घुमून वर येत होता. वरून त्या इवल्याशा दिसत होत्या. ज्या बाईपुढं आमदाराची गाडीसुद्धा मेंढरांच्या मागं थांबली होती, ती बाई सगळ्या गावाच्या पायाखाली मान वर करून उभी होती. माझी गंमत तिथंच संपली.

आणखी एक गोष्ट लक्षात राहिली आहे. चाचींच्या घरात सगळे दखनी उर्दू बोलत. पण विहिरीचा विषय निघाला की चाची मराठीवर येत. समोर सख्खा भाऊ असला तरी. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हितनं जाणाऱ्या-येणाऱ्याला कळाय पायजे मी काय बोलतीया ते."

एकदा मशिदीच्या कमिटीतल्या तरुणांनी मोठ्या उत्साहानं ठराव आणला, की विहिरीला भिंत घालू, लोखंडी फाटक बसवू. रात्रीबेरात्री कुणी घाण टाकू नये म्हणून. त्यांचा हेतू चांगला होता. चाचींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फाटक लावलं की कुलूप यील. कुलूप आलं की किल्ली यील. किल्ली ज्याच्या कनवटीला, त्यो मालक. नको." फाटक झालं नाही.

मग ते वाईट वर्ष आलं. पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. आजूबाजूची बोअर कोरडी पडली. टँकर कधी यायचे, कधी नाही. आमच्या गावात मात्र ही विहीर तग धरून होती, आणि लांबलांबचे कळप डोणीला लागत होते. त्यातच चाचींचं पित्ताशयाचं दुखणं बळावलं आणि त्यांना साताऱ्याला दवाखान्यात हलवावं लागलं. ऑपरेशन झालं, त्यात गुंतागुंत झाली, मुक्काम लांबला. परत आल्या तेव्हा त्या काठी टेकत चालत होत्या. जाबाची वेळ झालीच होती. लोक म्हणाले, औंदा राहू दे, पुढच्या साली बघू. चाची म्हणाल्या, "औंदाच पायजे."

त्या दिवशी त्यांना पायऱ्या उतरायला फार वेळ लागला. कुणी हात द्यायला पुढं झालं की त्या मानेनं नको म्हणायच्या. शेवटच्या पायरीवर पोहोचल्या, काठी भिंतीला टेकवली आणि वर बघितलं.

"इचारा."

मग धनगरवाड्यावरची ठकूबाई काठावर पुढं आली. तिचा कळप मोठा. ती कधी जाबात बोलत नसे.

"चाची," ती म्हणाली, "तुमी दुखण्यातनं उठलाय, इचारू नये. पर आमी सकाळी येतो तवा पानी रातच्यापरीस खाली गेल्यालं आस्तंय. रातचं कोन पितंय? मेंढरं तर वाड्यात आस्त्यात."

चाचींनी शेजारच्या भिंतीकडं बघितलं. आधी पाणी होतं तिथली ओलाव्याची रेघ त्यांच्या डोक्याच्या वर होती. त्यांनी त्या दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

"मला ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. वर लोक कुजबुजले. दवाखान्यात होत्या बिचाऱ्या, त्यांना कसं ठाऊक असणार. ते खाली ऐकू गेलं असावं. त्यांनी आवाज चढवला. तेवढा एकदाच मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला. "मी दवाखान्यात व्हते ह्ये उत्तर न्हाई! ठकूबाईनं पान्याचं इचारलंय, माझ्या दुखण्याचं न्हाई. शब्बीरभाई, तुमी शोधा. मी शोधलं तर माझंच मला दिसायचं न्हाई."

शब्बीर गळ्यातली टेप तशीच ठेवून पायऱ्या उतरला. दोन-तीन पोरं पाण्यात उतरली. पूर्वी जिथं मोट चालायची त्या दगडी थारोळ्याच्या खाली, फटीतून, एक काळा पाइप पाण्यात उतरला होता. त्याच्या तोंडाला मोटर. वर दगड आणि गवत असं रचलं होतं की बघूनही दिसू नये. शब्बीर पाइपचा माग काढत वर आला. माती उकरत, हातानं चाचपत पुढं निघाला. त्याच्या मागं सगळं गाव. चाची पायऱ्या चढून वर आल्या आणि सगळ्यांच्या मागून काठी टेकत चालू लागल्या.

माग एका बांधापाशी आला. पलीकडं डाळिंबाची बाग होती, त्या सगळ्या करपलेल्या शिवारात एकटी हिरवी. इसाकची बाग. मुंबईचं गॅरेज विकून, म्हातारपणी गावी येऊन त्यानं ती लावली होती.

शब्बीर तिथंच थांबला. ज्या माणसानं इतकी वर्षं झिजल्या दोराचा जाब मागितला होता, त्याचं तोंड उतरलं होतं. "चाची," तो हळूच म्हणाला, "हितं थांबू का?"

चाची गर्दीतून पुढं आल्या. "का? पाइप थांबलाय?"

पाइप थांबला नव्हता. तो बांधाखालून बागेतल्या टाकीपर्यंत गेला होता. टाकीजवळ इसाकचा मुलगा साजिद उभा होता. पंचविशीचा, एरवी हसतमुख पोरगा. तो चाचींकडं आला आणि दखनीत काही बोलू लागला. चाचींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मराठीत बोल. सगळ्यांना कळू दे."

साजिद रडायला लागला. आत्याला ते लोक फुफ्फी म्हणतात. "फुफ्फी, टँकर बंद झालं. झाडं डोळ्यांदेखत वाळाय लागली. तू दवाखान्यात. तोडणीपतुरच घ्यायचं व्हतं गं. अब्बाला सुदिक ठावं न्हवतं."

इसाक मागच्या बाजूला खाली बसला होता. त्याच्याकडं बघूनच कळत होतं, की हे त्यालाही आत्ताच समजत होतं.

चाचींनी पाइप तोडायला लावला. मग जे झालं त्यावर मी पुढं पुष्कळ विचार केला आहे. गावाला इसाकची दया आली. फळं धरली होती, काही आठवड्यांवर तोडणी होती. म्हाताऱ्याची सगळी पुंजी त्या झाडांत होती. सरपंच म्हणाले, चूक झाली, पोरानं कबूल केली, आता तोडणीपर्यंत थोडं थोडं पाणी देऊ. कुणीच नाही म्हणालं नाही. शेवटी ठकूबाईच पुढं आली. चाचींचा हात धरून म्हणाली, "द्या वो चाची. माजी काय तक्रार न्हाई. झाडं बी लेकरावानीच. आमी जातो मेंढरं घेऊन दुसरीकडं."

सगळ्यांना वाटलं, सुटलं. ज्यांचं पाणी गेलं त्यांनीच माफ केलं होतं.

चाचींनी ठकूबाईचा हात दोन्ही हातांत घेतला. "बाई, तुजं मन मोटं हाय. तू तुज्या वाटनीचं माफ केलंस. पर जी मेंढरं उद्या लांबनं येत्याल आन् डोन कोरडी बघून म्हागारी जात्याल, त्यांच्याकडनं मी माफी कशी आनू? त्यांचं त्वांड तर मुकं हाय. म्हनून तर त्यांचं नाव पयलं घातलंय."

इसाक उठून आला. तो मोठ्या बहिणीला आपा म्हणायचा. ज्या भावानं वडिलांमागं विधवा बहिणीला घरात ठेवून घेतलं, तिच्या मुलीचं लग्न उभं राहून लावून दिलं, तो भाऊ सगळ्या गावासमोर हात जोडून उभा राहिला.

"आपा, झाडं मरतील."

"व्हय," चाची म्हणाल्या. "मरतील."

इसाकनं जोडलेले हात खाली घेतले आणि तो बागेत निघून गेला. मला त्या क्षणी चाचींचा राग आला होता, हे खरं आहे. एवढं कठोर कशाला, असंही वाटलं. आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला होता. समोर अंगानं खचलेली एक म्हातारी उभी होती आणि तिला तिथून हलवायची ताकद त्या अख्ख्या गावात नव्हती.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या जैतून चाची नव्हेत. पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर त्यांनी सगळ्यांना पुन्हा विहिरीवर बोलावलं आणि सांगितलं, की मला काढा. लोक हबकले. तुमची काय चूक, पोरानं केलं, तुम्ही तर सख्ख्या भावाच्या बागेलाही पाणी दिलं नाही, असं जो तो म्हणू लागला.

"माजी चूक सांगते. साताऱ्याला जाताना हिरीवर नजर ठेव म्हनून मी कुनाला सांगितलं? साजिदला. का? तर घरचा म्हनून. गाव सोडून मी घर बघितलं. चोरी त्यानं नंतर केली. दार मी आदी उघडून दिलं."

"मग दुसरं हाय कोन?" कुणीतरी विचारलं. "तुमच्या घरात आता..."

"घरात न्हाईच बघायचं. वक्फ मंडळाला मी कळवलंय, आमच्या घरात आता लायक कोन न्हाई, गावातला नेमा." त्यांनी पदर कानामागं खोचला. "शब्बीरभाईला करा."

शब्बीर दचकून मागंच सरकला. "मला? आवं, मी तर तुमाला मुतवल्ली करायलाच नको म्हनलं व्हतं!"

"व्हय. म्हनूनच. तुमाला कुनाची भीड न्हाई. माजी न्हवती, तुमची सोताची बी नसनार."

मंडळाची परवानगी यायला बराच काळ गेला. तोवर चाचींनी काम सोडलं नाही, पण प्रत्येक गोष्ट शब्बीरला समोर ठेवून केली. पुढच्या उन्हाळ्यात शेवटच्या पायरीवर शब्बीर उभा होता, घाम पुसत. वर गर्दीत चाची इतरांसारख्याच उभ्या. त्यांनी त्याला इतके प्रश्न विचारले, की शेवटी लोकच म्हणाले, आता सोडा बिचाऱ्याला. शब्बीर खालून ओरडला, "इचारू द्या! मी बी सोडलं न्हवतं!" तेव्हा कुठं लोक हसले. कितीतरी महिन्यांनी त्या विहिरीवर हसू ऐकलं.

बाग मात्र गेली. फळं आधी तडकली, मग झाडं वरून खाली वाळत आली. इसाकनं बहिणीशी बोलणं टाकलं. एकाच अंगणात दोन चुली झाल्या. साजिद पुण्याला कंपनीत लागला.

मग माझी बदली कवठे महांकाळला झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा चाची घरी नव्हत्या. कुठं गेल्या ते शेजाऱ्यांना सांगता येईना. मला रुखरुख लागून राहिली.

वर्षभरानं एका सहकाऱ्याच्या घरच्या लग्नासाठी दहिवडीला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून गावात शिरलो. पाऊस बरा झाला होता. माळ हिरवा दिसत होता. इसाकच्या रानाजवळून जाताना बांधापलीकडं माणसं दिसली म्हणून गाडी थांबवली.

वाळलेली डाळिंबं उपटायचं काम चाललं होतं. इसाक पहारीनं बुडखे सैल करत होता आणि चाची ते ओढून ढिगावर नेऊन टाकत होत्या. दोघांत दहा पावलांचं अंतर. एक शब्द नाही. मी जवळ गेलो तशा चाची ओळखून हसल्या. म्हणाल्या, "आलासा? बसा तितं बांधावर. झाडांची एवडी वळ उपटून झाली की च्या करू."

"चाची, या वयात हे कशाला? माणसं लावायची."

"ह्यो न्हाईच म्हनतो मला. बोलत बी न्हाई. मी तरी येते." त्या ढिगाकडं बघत राहिल्या. "डॉक्टर, हिरीचा जाब हिरीवर दिला. पर ही झाडं माज्या शब्दानं मेली. त्याचा जाब कुटं द्यायचा? हितंच की."

त्यांनी पुढचा बुडखा धरला, ओढला, आणि एकदम हात झटकला. डाळिंबाचा काटा वाळला की सुईसारखा होतो. तळहातात खोल गेला होता, रक्त आलं होतं. मी उठलो. पण त्याआधी इसाकनं पहार टाकली. तो आला, बहिणीच्या समोर मातीत बसला आणि सदऱ्याला लावलेली टाचणी काढून त्यानं तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. डोळ्यांना कमी दिसत असावं, त्यानं तो हात अगदी तोंडाशी नेला. चाची त्याच्या पांढऱ्या डोक्याकडं बघत होत्या.

"हलू नको," इसाक म्हणाला.

चाची हलल्या नाहीत. मी परत बांधावर जाऊन बसलो आणि दुसरीकडं बघू लागलो.